छातीइतकीच पाठ : वजनाचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

व्यायामशाळेत नव्याने दाखल झालेल्या तरुणाचे लक्ष बहुधा आरशात दिसणाऱ्या स्नायूंवर खिळलेले असते. छाती आणि दंडाची बेटकुळी यांवर त्याचा बहुतेक वेळ जातो आणि आरशात न दिसणारी पाठ आठवड्यातून एखाद्या दिवशी, उरल्यासुरल्या शक्तीवर उरकली जाते. शरीराचा वरचा भाग ज्याला खरोखर भरदार आणि निकोप करायचा आहे, त्याच्यासाठी हा क्रम मुळातच चुकीचा आहे. खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा असून दंडाच्या हाडाचे गोल टोक ज्या खोबणीत बसते ती खोबण उथळ असते, त्यामुळे हाताला चहूकडे फिरता येते. परंतु त्याच कारणाने या सांध्याचे स्थैर्य हाडांवर कमी आणि भोवतालच्या स्नायूंवर अधिक अवलंबून राहते. पुढचे स्नायू सतत बळकट होत गेले आणि मागचे तसेच दुबळे राहिले, तर खांदे पुढे झुकण्याची आणि हात डोक्यावर नेताना दुखण्याची शक्यता वाढते, आणि छातीचा व्यायामही मग मनासारखा करता येत नाही.

धडाच्या वरच्या भागातील स्नायू समजून घेण्याची सोपी रीत म्हणजे त्यांच्या कामावरून त्यांचे दोन गट पाडणे. पहिला गट ढकलणाऱ्या स्नायूंचा असून त्यात छातीवर पंख्यासारखा पसरलेला पेक्टोरालिस, खांद्यावर टोपीसारखा बसलेला डेल्टॉइड (विशेषतः त्याचा पुढचा व मधला भाग) आणि दंडाच्या मागच्या बाजूचा तीन शिरांचा ट्रायसेप्स यांचा समावेश होतो. दुसरा गट ओढणाऱ्या स्नायूंचा आहे. काखेपासून कमरेपर्यंत उतरणारा रुंद लॅटिसिमस, ज्याला व्यायामशाळेत ‘लॅट्स’ म्हणतात; मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस; दोन्ही खवाट्यांना पाठीच्या कण्याकडे ओढणारे ऱ्होम्बॉइड; डेल्टॉइडचा मागचा भाग आणि दंडाच्या पुढच्या बाजूचा बायसेप्स हे सारे या गटात येतात. या दोहोंखेरीज खवाट्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या टोकाला वेढणारे चार लहान स्नायू असतात, त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. ते बाहेरून दिसत नाहीत, मात्र हाडाचे टोक खोबणीत मध्यावर धरून ठेवण्याचे काम तेच करतात.

जुन्या तालमींमध्ये हा तोल शास्त्रीय परिभाषेवाचूनही सांभाळला जात होता, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. जोर काढणे हा ढकलण्याचा व्यायाम. पण त्याच तालमीत हौदा खणणे होते, दोर चढणे होते, जोडीदाराला धरून खेचणे होते आणि पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवलेला मल्लखांबही होता, ज्यात पकड, काख आणि पाठ यांच्याखेरीज एक हालचाल होत नाही. आधुनिक व्यायामशाळेत बाक आणि रॉड आले तेव्हा ढकलण्याची सोय फार वाढली. ओढण्याचा भाग मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिला. म्हणून नवशिक्याने पहिल्या दिवसापासून एक साधा नियम पाळावा : आठवड्यात ढकलण्याचे जितके संच (सेट) होतील, तितके तरी संच ओढण्याचे झालेच पाहिजेत, आणि दिवसभर टेबलाशी वाकून बसणाऱ्याने ते थोडे अधिकच करावेत.

स्नायू वाढतो तो त्याच्या तंतूंवर पडणाऱ्या ताणामुळे. पुरेसा ताण वारंवार मिळाला की तंतूंमध्ये नवी प्रथिने बांधली जातात, तंतू जाड होतात, आणि या प्रक्रियेला स्नायूवृद्धी म्हणतात. मात्र ही वृद्धी लगेच डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उचलले जाणारे वजन झपाट्याने वाढते, ते मुख्यतः मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंचा अधिक चांगला वापर करायला शिकते म्हणून. मोजपट्टीवर जाणवणारा फरक साधारणपणे दोन-तीन महिन्यांनंतरचा असतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण सहाव्या आठवड्यात निराश होऊन व्यायाम सोडतात किंवा भलत्या उपायांकडे वळतात.

शरीर एका ठरावीक ताणाला सरावले की त्याच ताणाने पुढची वाढ होत नाही, म्हणून ताण हळूहळू वाढवत न्यावा लागतो. यालाच क्रमाने वाढणाऱ्या भाराचे तत्त्व म्हणतात. या तत्त्वाला वैद्यकात पद्धतशीर रूप दिले ते अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शिकागो येथील लष्करी रुग्णालयात उपचार करताना त्यांनी हलक्या, दीर्घकाळ चालणाऱ्या कवायतींऐवजी मोजून वाढवलेली वजने वापरली आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी व आर्थर वॉटकिन्स यांनी सुचवलेल्या पद्धतीत, जे वजन जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येते ते आधार धरून, त्याच्या निम्म्या, पाऊण आणि पूर्ण वजनाने दहा-दहा आवृत्त्यांचे तीन संच करायचे असत. आज जगभरातील व्यायामशाळांत ‘तीन सेट, दहा रेप्स’ हे जे सूत्र ऐकू येते, त्याच्या मुळाशी आजारी माणसांना पुन्हा उभे करण्याचा हा प्रयत्न आहे. यातील आवृत्ती, म्हणजे व्यायामशाळेच्या भाषेत रेप, म्हणजे एक पूर्ण हालचाल. आणि मध्ये न थांबता केलेल्या आवृत्त्यांचा समूह म्हणजे संच किंवा सेट.

एका संचात नेमक्या किती आवृत्त्या असाव्यात याविषयी व्यायामशाळेत ठाम मते ऐकायला मिळत असली, तरी सहा आवृत्त्यांचा जड संच आणि पंचवीस आवृत्त्यांचा हलका संच या दोहोंनी स्नायू जवळपास सारखाच वाढू शकतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. अट एवढीच की संच संपताना स्नायू थकव्याच्या सीमेजवळ पोहोचलेला असावा. नवशिक्यासाठी आठ ते बारा आवृत्त्यांचा पल्ला सोयीचा ठरतो, कारण त्यात वजन इतके जड नसते की हालचाल बिघडावी आणि इतके हलकेही नसते की संच कंटाळवाणा व्हावा. संच थांबवताना आणखी दोन आवृत्त्या नीट निघाल्या असत्या असे वाटले पाहिजे. पाच निघाल्या असत्या तर वजन कमी आहे, आणि शेवटची आवृत्ती कंबर वाकवून, झोका देऊन काढावी लागली तर ते जास्त आहे.

पहिल्या आठवड्यात वजन मुद्दाम कमीच ठेवावे. ऑलिंपिक प्रकारचा पुरुषांचा रॉड २० किलोचा व २.२ मीटर लांबीचा, तर स्त्रियांचा १५ किलोचा असतो. पण गावोगावच्या व्यायामशाळांतील बारीक रॉड याहून बरेच हलके असतात, तेव्हा आपला रॉड एकदा वजनकाट्यावर मोजून घेणे शहाणपणाचे आहे. अनेकांसाठी पहिले काही दिवस रिकामा रॉड पुरेसा असतो आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. पहिल्याच दिवशी मित्राच्या बरोबरीने वीस-पंचवीस संच मारणाऱ्यांना मात्र एक गंभीर धोका संभवतो. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटले तर त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर ताण येतो. असह्य वेदना, दंडाला आलेली सूज आणि कोऱ्या चहासारख्या रंगाची लघवी ही त्याची लक्षणे असून ती दिसताच घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ढकलण्याच्या व्यायामांत बेंच प्रेस प्रमुख मानला जातो. बाकावर डोळे रॉडच्या बरोबर खाली येतील असे उताणे निजावे आणि रॉड उचलण्यापूर्वी दोन्ही खवाटे एकमेकांकडे व किंचित खाली ओढून बाकावर रोवावेत. ही एक गोष्ट साधली की खांद्यांवरचा अनाठायी भार बराच कमी होतो. पावले जमिनीवर टेकलेली, मनगटे सरळ आणि अंगठा रॉडभोवती घट्ट वळलेला असावा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून रॉड धरण्याची जी फॅशन दिसते, तिच्यात रॉड निसटून थेट छातीवर किंवा गळ्यावर पडू शकतो, म्हणून ती नवशिक्याने कधीही उचलू नये. रॉड दोन-तीन सेकंदांत सावकाश छातीच्या खालच्या भागापर्यंत आणावा, कोपरे खांद्यांच्या रेषेत पसरू न देता धडाशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करतील अशी ठेवावीत, आणि छातीवर रॉड न उसळवता तो वर ढकलावा. ढकलताना श्वास सोडावा. शेवटच्या संचाला सपोर्ट देणारा माणूस डोक्याशी उभा असावा, पण त्याने रॉडला हात लावायचा तो रॉड थांबल्यावरच, कारण प्रत्येक आवृत्तीला दुसऱ्याने उचलून दिलेल्या रॉडचे वजन वहीत लिहून काहीच कळत नाही. सोबतीला कोणी नसेल तर रॉडऐवजी डंबेल घ्यावेत. ज्यांना व्यायामशाळा गाठणे शक्य नाही, त्यांनी आधी भिंतीला, मग टेबलाला आणि शेवटी जमिनीला हात टेकवून जोर काढावेत, आणि वीस जोर सहज निघू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून भार वाढवावा.

ओढण्याच्या दोन दिशा आहेत, वरून खाली आणि समोरून मागे, आणि पाठीची रुंदी व जाडी यांसाठी दोन्हींची गरज असते. वरून ओढण्यासाठी सिंगल बारवर स्वतःचे शरीर हनुवटीपर्यंत उचलणे हा उत्तम व्यायाम आहे. तो सुरुवातीला बहुतेकांना जमत नाही, तेव्हा पायाखाली स्टूल घेऊन वरच्या स्थितीत जावे आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली उतरावे, अशा पाच-सहा उतरणींतून काही आठवड्यांत पहिली चढण साधते. पुलीच्या यंत्रावर, म्हणजे लॅट पुलडाउनवर, दांडा नेहमी समोर गळ्याच्या हाडापर्यंत आणावा. तो मानेमागे ओढण्याची पद्धत अजून शिकवली जाते, पण तिच्यात खांदा अडचणीच्या कोनात जातो आणि जास्तीचा फायदा काहीच पदरी पडत नाही. समोरून मागे ओढण्यासाठी एक गुडघा व एक हात बाकावर टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे खेचावा; या व्यायामात कोपर मागे नेण्याकडे लक्ष द्यावे, म्हणजे काम बायसेप्सऐवजी पाठ करते, आणि खांदा कानाकडे उचलला जाणार नाही याची काळजी घ्यावी. खांद्याच्या मागच्या भागासाठी कमरेतून पुढे वाकून दोन हलके डंबेल पंखांसारखे बाजूंना उचलणे पुरेसे आहे, आणि येथे दोन-तीन किलोही खूप होतात.

डोक्यावर वजन ढकलण्याचा शोल्डर प्रेस बसून किंवा उभ्याने, कमरेला कमान न पडू देता करावा. दंडांसाठी वेगळे फार काही लागत नाही : प्रत्येक ढकलण्यात ट्रायसेप्स आणि प्रत्येक ओढण्यात बायसेप्स काम करतच असतो. ज्यांना दंड जाड हवा आहे, त्यांनी हेही जाणून घ्यावे की दंडाच्या घेरातील मोठा वाटा मागच्या ट्रायसेप्सचा असतो, बेटकुळीचा नव्हे.

या सर्वांची आठवड्यातील मांडणी फार गुंतागुंतीची असण्याचे कारण नाही. एकाच स्नायूगटाला आठवड्यातून एकदाच भरपूर मार देण्यापेक्षा तेच काम दोन-तीन दिवसांत वाटले, तर प्रत्येक संच ताज्या शक्तीने होतो आणि नवी हालचाल लवकर अंगवळणी पडते. म्हणून ‘सोमवारी चेस्ट, मंगळवारी बायसेप्स’ ही वाटणी पहिल्या वर्षात टाळावी. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवशी सुमारे एक तास असा हिशेब धरला, तर प्रत्येक दिवशी छातीचा एक व्यायाम, पाठीचे दोन, खांद्याचा एक आणि शेवटी दंडाचा एखादा, असे प्रत्येकी दोन ते तीन संच सहज बसतात. छातीचे आठवड्याला सहा ते दहा संच नवशिक्याला पुरतात. त्यांच्याबरोबर पायांसाठी बैठका किंवा स्क्वॉट यांचे दोन-तीन संच ठेवावेतच, कारण कमकुवत पायांवर आणि कमरेवर भरदार छाती फार काळ पेलत नाही. मोठ्या व्यायामांत दोन संचांमध्ये दोन ते तीन मिनिटे आणि लहान व्यायामांत मिनिट-दीड मिनिट विश्रांती घ्यावी.

भार वाढवताना बहुतेकांची गाडी जेथे अडते ती जागा वेगळीच आहे. पुष्कळ व्यायामशाळांत सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. ती रॉडच्या दोन्ही टोकांना लावली की वजन एकदम ५ किलोने वाढते. पन्नास किलो उचलणाऱ्यासाठी ही वाढ दहा टक्क्यांची आहे, पण वीस किलो उचलणाऱ्यासाठी ती पंचवीस टक्क्यांची होते, आणि ५ किलोच्या डंबेलवरून थेट साडेसातवर जाणे म्हणजे तर दीडपट भार अंगावर घेणे. अशी उडी जमली नाही की नवशिका आपल्यात काही खोट आहे असे समजतो किंवा झोके देऊन वजन वर फेकू लागतो. यावरचा उपाय म्हणजे वजनाआधी आवृत्त्या वाढवणे : ठरवलेल्या वजनाने तिन्ही संचांत आठ आवृत्त्या जमल्या की पुढच्या वेळी नऊ, मग दहा, असे करत तिन्ही संच बारापर्यंत नेल्यावरच पुढचे वजन घ्यावे आणि पुन्हा आठपासून आरंभ करावा. शक्य असल्यास सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घेऊन पिशवीत ठेवाव्यात. हा खर्च प्रोटीन पावडरच्या डब्याहून कितीतरी कमी आणि अधिक उपयोगाचा आहे.

हे सर्व लक्षात ठेवून होत नाही, त्यासाठी वही लागते. तारीख, व्यायाम, वजन आणि प्रत्येक संचातील आवृत्त्या, उदाहरणार्थ ‘बेंच ३० किलो : १०, ९, ८’, एवढी नोंद पुरते. तीन आठवडे आकडे जागेवरच राहिले तर आधी झोप आणि जेवण तपासावे. ती ठीक असतील, तर एक आठवडा निम्मे संच करून अंगाला उसंत द्यावी.

जेवणाबाबत मराठी घरांत बहुधा उणीव असते ती प्रथिनांची. सर्वसाधारण निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. मात्र वजनाच्या व्यायामाने स्नायू वाढवणाऱ्यासाठी हे प्रमाण सुमारे १.६ ग्रॅम धरले जाते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ९६ ग्रॅम. हा आकडा शाकाहारी ताटातही गाठता येतो. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २६, मूठभर मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीतून (५० ग्रॅम कोरडे कडधान्य) ११, तितक्याच डाळीच्या घट्ट वरणातून ११, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकऱ्यांतून २० आणि वाटी-दीड वाटी दह्यातून ६, अशी बेरीज ९७ पर्यंत जाते. अंडी खाणाऱ्याला एका अंड्यातून सहाएक ग्रॅम मिळतात, आणि मासे-कोंबडी खाणाऱ्याला तर हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. किडकिडीत व्यक्तीने या जोडीला भात, भाकरी, तेल-तूप यांतून रोजच्यापेक्षा अडीचशे-तीनशे कॅलरी जास्त घ्याव्यात. सात ते नऊ तासांच्या झोपेला पर्याय नाही.

स्त्रियांनी वजन उचलल्यास शरीर पुरुषी होईल ही भीती निराधार आहे, कारण त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फार कमी असते. वर सांगितलेली पद्धत त्यांना जशीच्या तशी लागू पडते. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कुमारवयीन मुलांनी केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते, या समजुतीलाही आधार नाही. मात्र रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा खांद्याची जुनी दुखापत असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पूरक पदार्थांपैकी व्हे प्रोटीन हे दुधापासून काढलेले अन्नच आहे. ते न घेतल्याने काही बिघडत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतल्याने ताकदीत थोडी भर पडते हे चांगले सिद्ध झाले आहे, परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकीच्या बहुतेक डब्यांवर पैसे घालवू नयेत. ॲनाबॉलिक स्टेरॉइडची गोष्ट मात्र निराळी आहे. ही कृत्रिम पुरुषी संप्रेरके असून त्यांनी स्नायू झपाट्याने वाढतात हे खरे. पण शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते, वृषणे आकसतात, शुक्राणूंची निर्मिती घटते, यकृतावर ताण येतो, हृदयाची भिंत जाड होते आणि तरुण वयात हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्याचे शरीर पहिल्या वर्षात नुसत्या अन्न, झोप आणि व्यायामावर सर्वांत वेगाने वाढणार असते, त्या नवशिक्यालाच ही औषधे विकली जावीत हे फार दुःखद आहे. ज्या व्यायामशाळेत असे इंजेक्शन किंवा गोळी सुचवली जाईल, ती व्यायामशाळा त्याच दिवशी सोडावी आणि घरी जाऊन ही गोष्ट आईवडिलांना सांगावी.